चाल माझी, शब्द तुझे... पैसे कोणाचे?

गॅदरिंगला गाणं म्हटलं की टाळ्या मिळतात, वन्स मोअर मिळतो, आणि फारच रंगलं तर दुसऱ्या दिवशी मेसवाले काका एक गुलाबजाम जास्त वाढतात. पण तेच गाणं नेटवर गेलं आणि लोक मोबाइलवर ऐकू लागले, तर त्याचे पैसे कोणाला मिळतात? किती मिळतात? कोणत्या वाटेने येतात? आपल्या होस्टेलमध्ये सध्या प्रत्येक मजल्यावर एक गिटार आणि दर दोन मजल्यांमागे एक रॅपर आहे. म्हणून ‘इंजिनिअर आणि समाज’ वगैरे विषय यंदा बाजूला ठेवून यावरच लिहायचं ठरवलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय. शुद्धलेखनाला संपादक मॅडमनी सांभाळून घ्यावं! विषय मात्र मन लावून शिकलोय, कारण गरजच तशी पडली.

यंदा आम्ही पाच जणांनी मिळून एक गाणं केलं. शब्द सिव्हिलच्या एका मित्राचे, तो परभणीकडचा. चाल माझी आणि आमच्या गिटारवाल्याची. गायक मेकॅनिकलचा, तबला आयटीचा. भिंतींना गाद्या लावून आणि पंखा बंद करून खोलीतच रेकॉर्डिंग केलं. माइक आणि मिक्सिंगचा खर्च आम्ही चौघांनी सारखा वाटून घेतला. नंतर एका छोट्या म्युझिक कंपनीचा फोन आला : एकरकमी पंधरा हजार रुपये, सगळे हक्क कायमचे कंपनीचे. म्हणजे प्रत्येकी तीन हजार. त्यातच गायक आणि गिटारवाला फायनल इयरचे, जूनमध्ये होस्टेल सोडणार. सिव्हिलचा मित्र म्हणाला, “हक्कबिक्क ठीक आहे रे, पण माझी दोन महिन्यांची मेस थकलीय.” त्याचं काही चुकत नव्हतं. पण ‘सगळे हक्क’ म्हणजे नक्की काय, हे पाचांपैकी एकालाही सांगता येईना. मग मी कॉपीराइटचा कायदा वाचायला घेतला. थर्मोडायनॅमिक्सपेक्षा सोपा आहे, खरंच!

एक गाणं, दोन मालमत्ता

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवायचं की एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, यात शब्द आणि चाल येतात. दुसरी म्हणजे त्या रचनेचं ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ज्याने लिहिले तो, आणि चालीचा मालक ज्याने बांधली तो. चाल नोटेशनमध्ये लिहिलेली नसली तरी चालते. नोंदणी केलीच पाहिजे अशीही सक्ती नाही. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र निर्माता, म्हणजे ते करण्यात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. नुसतं गायल्याने मास्टर गायकाचा होत नाही. कलाकार म्हणून गायकाचे आणि वादकाचे हक्क कायद्यात वेगळे सांगितले आहेत.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे टेलर स्विफ्ट. तिच्या पहिल्या सहा अल्बमची मास्टर्स तिच्या जुन्या कंपनीकडे होती. २०१९ मध्ये ती कंपनी, आणि तिच्यासोबत ती मास्टर्सही, दुसऱ्याला विकली गेली. पण गाणी तिने लिहिलेली, म्हणजे रचनेचा हक्क तिच्या हातात होता. त्या जोरावर २०२१ पासून तिने जुने अल्बम नव्याने रेकॉर्ड करून बाजारात आणले, आणि शेवटी मे २०२५ मध्ये जुनी मास्टर्सही विकत घेतली. दोन मालमत्ता वेगळ्या नसत्या तर तिला हे करताच आलं नसतं.

आता आमच्या गाण्याकडे या. शब्दांचा मालक सिव्हिलवाला, चालीचे मालक आम्ही दोघं, मास्टरचे मालक खर्च आणि खटपट करणारे आम्ही चौघं. तबलजीचा चालीत वाटा नाही, पण मास्टरमध्ये आहे. शब्दवाल्याचं बरोबर उलटं. म्हणजे ‘पाचात समान’ हे ऐकायला गोड वाटलं तरी हिशोब तसा नाहीच!

पैसा येतो कसा?

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तुम्ही-आम्ही स्वतः थेट गाणं चढवू शकत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो, जसे डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी. कोणी वर्षाची फी घेतो, कोणी कमाईतला हिस्सा. तो गाणं सगळीकडे पोचवतो आणि मास्टरचे पैसे गोळा करून तुम्हाला देतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक ओळखक्रमांक मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. त्यात बारा अक्षरं-आकडे असतात : दोन देशाचे, तीन नोंदणीदाराचे, दोन वर्षाचे आणि पाच क्रमांकाचे. हा नंबर रेकॉर्डिंगचा, गाण्याचा नव्हे. तेच गाणं गॅदरिंगला लाइव्ह रेकॉर्ड केलं तर त्याला नवा नंबर.

शब्द-चालीचे पैसे दुसऱ्या वाटेने येतात. आपल्याकडे त्यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था आहे. तिथे सभासद होऊन आपली गाणी नोंदवावी लागतात. बरेच जण डिस्ट्रिब्युटरकडे गाणं टाकून मोकळे होतात आणि ही दुसरी वाट तशीच राहते. नुकसान होतं ते लिहिणाऱ्याचं, कारण बँडमध्ये बहुधा त्याच्याकडे गिटारही नसते आणि पासवर्डही नसतो.

आता किती पैसे? एका स्ट्रीमचा ठरलेला दर असतो असा समज आहे, पण तसं नाही. आपल्या मेसचं उदाहरण घ्या. सगळ्यांचे पैसे एका डब्यात जमा झाले, त्यातला एक भाग मेसने ठेवला आणि उरलेला भाजीवाला, दूधवाला, किराणावाला यांच्यात वाटला. तुम्ही महिनाभर फक्त दूधच प्यायलात म्हणून तुमचे पैसे वेगळे काढून दूधवाल्याला जात नाहीत. स्पॉटिफायचंही असंच. वर्गणी आणि जाहिरातींच्या पैशातला साधारण दोन तृतीयांश हक्कधारकांच्या डब्यात जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढे त्याला मिळतात. म्हणजे तुम्ही रात्रंदिवस फक्त होस्टेलच्या बँडचंच गाणं ऐकलंत तरी तुमची वर्गणी त्या बँडला जात नाही.

आकड्यांत पाहू, आकडे अर्थात समजुतीपुरते. समजा महिन्याचा डबा दहा लाख रुपयांचा आणि सगळी गाणी मिळून एक कोटी वेळा ऐकली गेली. एका ऐकण्याला दहा पैसे झाले. आपलं गाणं हजार वेळा वाजलं तर शंभर रुपये. चौघांत पंचवीस-पंचवीस. एक वडापाव! त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा आणखी एक नियम आहे : मागच्या बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या रेकॉर्डिंगला या डब्यातलं काहीच मिळत नाही.

मग कशाला एवढा खटाटोप?

तुम्ही म्हणाल, वडापावसाठी कायदा कशाला वाचायचा? तर मंडळी, मुद्दा असा की गाणं कधी चालेल ते कोणाला सांगता येत नाही, आणि हक्क फार मोठ्या काळाचे असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, तर ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षं. उद्या कोणाला ते गाणं जाहिरातीत किंवा सिनेमात घ्यायचं झालं तर त्याला रचना आणि मास्टर दोन्हींची परवानगी लागेल. तेव्हा गिटारवाला जर्मनीत एमएस करत असेल आणि फोन उचलत नसेल, तर सगळंच अडणार.

कंपनीच्या ऑफरबद्दलही कायदा बरंच सांगतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ असं लिहून सही केली, की ही सवलत गेली. २०१२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या वेळी राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी ती लावून धरली होती. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. म्हणजे पंधरा हजार घेऊनसुद्धा सिव्हिलवाल्याचा तो वाटा शाबूत राहिला असता. मास्टर मात्र कायमचं गेलं असतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. पहिलं म्हणजे चौघांनी वर्गणी काढून त्याची मेस भरली, उसने म्हणून. भूक लागली असताना करार वाचू नये, एवढं तर कळलं होतं. दुसरं म्हणजे एका पानावर लिहून काढलं : रचनेत निम्मा वाटा शब्दांचा, पाव माझा, पाव गिटारवाल्याचा. मास्टर चौघांत समान. मास्टरच्या कमाईतून खर्च वजा जाता पाचवा हिस्सा शब्दवाल्याला, हे आम्ही आपणहून ठरवलं, कारण त्याच्या ओळी नसत्या तर रेकॉर्ड करायला काही नव्हतंच. कोणी आठ दिवसांत उत्तर दिलं नाही तर उरलेले बहुमताने ठरवतील, हेही लिहिलं. खाली पाच सह्या आणि तारीख. तिसरं म्हणजे कंपनीला कळवलं की मास्टर विकायचं नाही, पाच वर्षांसाठी वापरायला देऊ. हा लेख देईपर्यंत उत्तर आलेलं नाही. कदाचित येणारही नाही, आणि तीन हजारांचं वाईट आम्हालाही वाटतंच.

जाता जाता एक गंमत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोनसाठी मुद्रित झालं. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना आवाज कोणाचा हे कळावं म्हणून त्या गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. आज ते काम अपलोड करतानाचा फॉर्म करतो. गीतकार, संगीतकार, वादक असे रकाने त्यात असतात. कंटाळा करून ते रिकामे सोडू नका!

तेव्हा होस्टेलमधल्या तमाम कलाकारांनो, गाणं करा, जरूर करा. दुसऱ्याची बीट घेतली असेल तर तिच्या लायसनमध्ये काय लिहिलंय ते वाचा. कव्हर करत असाल तर मूळ शब्द-चालीच्या मालकाची परवानगी लागते, हे विसरू नका. आणि अपलोडचं बटण दाबण्याआधी एक कोरा कागद घ्या. जर्नलचं मागचं पान चालेल. वाटण्यासारखं काही नसतं तेव्हाच वाटे करून टाकावेत. तेव्हा कोणी भांडत नाही. आमचे झाले दहा मिनिटांत, चहा यायच्या आत.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स