चुलतभाऊ ‘अ‍ॅग्नेट’, मामेभाऊ नव्हे

हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ विरुद्धच्या याचिकांमुळे ‘गोत्र’ पुन्हा बातम्यांत आलं. त्या गदारोळात एक इंग्रजी शब्द बाजूला राहिला: अ‍ॅग्नेट. इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात तो सापडणार नाही; आपल्या दिवाणी कोर्टांत मात्र अजून धडधाकट आहे.

मूळ रोमन. लॅटिन ‘अग्नातुस’, म्हणजे कुळात भर म्हणून जन्मलेला. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या ‘बारा पाट्यां’च्या रोमन कायद्यानं निपुत्रिकाची इस्टेट जवळच्या अग्नातुसाला दिली. सम्राट जस्टिनियननं इ. स. ५४३ मध्ये ही मक्तेदारी मोडली. आपण १९५६ मध्ये तोच शब्द कायद्यात घेतला!

व्याख्या अशी: रक्तानं किंवा दत्तकानं, पण निव्वळ पुरुषांच्या दुव्यांनी जोडलेला नातेवाईक. मराठी माणसाला ती पाठ करायला नको. चुलतभाऊ अ‍ॅग्नेट, मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ तिघेही कॉग्नेट, म्हणजे दुव्यांत कुठंतरी स्त्री असलेले. इंग्रजांच्या ‘कझिन’मध्ये चौघे एकाच पंगतीला. गंमत आत्याची. ती स्वतः अ‍ॅग्नेट, कारण तिच्यापर्यंतचे दुवे वडील आणि आजोबा. तिच्या मुलापाशी धागा तुटतो. लग्न झालं तरी तिचं अ‍ॅग्नेटपण जात नाही. उलट सून जन्मभर घरात राबली, तरी त्या नात्यानं सासऱ्याची अ‍ॅग्नेट होत नाही.

म्हणून ‘गोत्रज’ हा प्रतिशब्द मला खटकतो. लग्नात मुलीचं गोत्र बदलतं असं आपण मानतो. अ‍ॅग्नेटला लग्नाशी देणंघेणं नाही. व्याख्येत रक्त मोजणारा हाच कायदा कलम १५ मध्ये मात्र गोत्राच्या वळणावर जातो. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क, नंतर आईवडिलांचा.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक विधवा होती, अर्थात मृत्यूनंतर. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरानं शिकवलं, तिनं नोकरी केली, पैसा साठवला. वारस दाखल्यासाठी आईनं अर्ज केला. न्यायालय म्हणालं, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. पैसा गेला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. म्हणजे भाच्यांकडे, जे त्या नवऱ्याचेसुद्धा अ‍ॅग्नेट नव्हते.