पाणी शुद्ध, पण नळाचे काय?

सकाळी नळ सोडला की पहिल्या कळशीत लालसर पाणी यावे, याची आपल्याकडील कित्येक शहरांना इतकी सवय झाली आहे की त्याबद्दल तक्रारही फारशी होत नाही. ‘नळ जुने झाले’ एवढ्यावर प्रश्न मिटविला जातो. पण नळ केवळ वयाने गंजत नाही; त्यातून वाहणाऱ्या पाण्याचा गुणधर्म त्याला गंजवितो. अमेरिकेतील फ्लिंट शहराला हे सत्य फार मोठी किंमत मोजून शिकावे लागले.

मिशिगन राज्यातील सुमारे एक लाख वस्तीचे हे शहर डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचे पाणी घेत असे. काटकसरीसाठी एप्रिल २०१४ मध्ये ते बंद करून फ्लिंट नदीचे पाणी शुद्ध करून पुरविण्यास प्रारंभ झाला. या नव्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण कितीतरी अधिक होते. शिवाय डेट्रॉइटच्या पाण्यात गंजरोधक म्हणून मिसळले जाणारे फॉस्फेट येथे वगळण्यात आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांच्या कारखान्यात हे पाणी वापरणे थांबविले, कारण त्याने सुटे भाग गंजू लागले होते. लोखंडाला न सोसणारे पाणी माणसांनी मात्र आणखी वर्षभर प्यायले.

यामागील शास्त्र अवघड नाही. पाणी आणि त्यात विरघळलेला प्राणवायू यांच्या संगतीत लोखंड झिजू लागते. पाण्याचा सामू योग्य असला आणि त्यात कॅल्शियम व बायकार्बोनेट पुरेसे असले, तर नळाच्या आतून चुन्याचा पातळ लेप बसून धातू झाकला जातो. पाणी असा लेप बसविणारे आहे की विरघळविणारे, हे अजमावण्याचा निर्देशांक लँगेलियर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३६ मध्येच मांडला होता. मृदू व आम्लधर्मी पाणी लेप टिकू देत नाही. क्लोराइड गंजाला चालना देते. फॉस्फेट मात्र शिशाशी संयोग पावून न विरघळणारा थर निर्माण करते. फ्लिंटमध्ये हा थरच सुटला. शिशाच्या जोडनळ्यांतून विष घरोघर पोचले. गंजणाऱ्या लोखंडाने पाण्यातील क्लोरीन खाऊन टाकल्याने जंतूंनाही मोकळे रान मिळाले. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी लहान मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे आकड्यांनिशी दाखविले, तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रथम ते नाकारले. पुढच्याच महिन्यात जुना पुरवठा पुन्हा सुरू करावा लागला. पण मुलांच्या शरीरात गेलेले शिसे तोटी फिरवून परत घेता येत नाही.

आपल्याकडे प्रश्न प्रामुख्याने बिडाच्या व जस्त चढविलेल्या लोखंडी नळांचा आहे. त्यात आपला पुरवठा दिवसातून काही तासच. उरलेला वेळ नळ आतून ओला आणि हवेने भरलेला राहतो. गंजाला याहून अनुकूल स्थिती कोणती? गंजाने भोके पडली, की दाब नसताना बाहेरचे सांडपाणी त्यांतूनच आत शिरते. भारतीय मानक १०५०० पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ ठरविते आणि शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. परंतु ६.५ सामूचे मृदू पाणी मानकात बसूनही नळाला खाऊ शकते. शुद्धीकरण केंद्रातील दाखला घराच्या तोटीपर्यंत पोचतोच असे नाही.

म्हणून रात्रभर नळात साचलेल्या पाण्याची तपासणी ग्राहकाच्या तोटीशी व्हावी आणि तिचे निष्कर्ष नागरिकांना कळावेत. नव्या धरणाचे वा विहिरीचे पाणी जुन्या जाळ्यात सोडण्यापूर्वी ते त्या नळांना मानवेल काय, याची परीक्षा बंधनकारक असावी. सामू सुधारण्यास लागणाऱ्या चुन्याचा खर्च रस्ते खणून नळ बदलण्याच्या खर्चापुढे किरकोळच ठरेल. जमिनीखालचे दिसत नाही, म्हणून ते नाही असे मानणाऱ्या नगरपालिकेला पहिल्या कळशीतील तो लालसर रंग रोज सकाळी इशारा देत असतो.