केवळ मादी फुलांच्या काकडीचे बीजोत्पादन : परागीभवनाची वेळ कशी साधावी?

काकडीच्या सामान्य वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि नर फुलांची संख्या पुष्कळ अधिक असते. गायनोशियस वाणांच्या वेलीवर मात्र जवळजवळ प्रत्येक पेरावर मादी फूल येते. त्यामुळे फळे लवकर व अधिक मिळतात. दुर्ग-भिलाई परिसरातील शेडनेट व पॉलिहाऊसमध्ये, तसेच महाराष्ट्रात, अशा संकरित काकडीची लागवड केली जाते. तिचे बियाणे महाग असल्याने ते स्वतः तयार करण्याची इच्छा प्रगतशील शेतकऱ्यांमध्ये दिसते. या कामातील मुख्य अडचण अशी की, वेलीवर नर फूलच नसेल तर पराग कोठून आणावयाचा? आणि तो मिळाला तरी मादी फुलाच्या वेळेशी त्याचा मेळ कसा घालावयाचा?

नर फुले निर्माण करण्यामागील शास्त्र

काकडीच्या फुलाचे लिंग ठरविण्यात इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. इथिलीन अधिक असल्यास मादी फुले येतात. त्याचे कार्य रोखल्यास त्याच कळीतून नर फूल विकसित होते. १९६० मध्ये पीटरसन व अँडर यांनी जिबरेलिनच्या फवारणीने गायनोशियस काकडीवर नर फुले आणता येतात, हे दाखवून दिले. पुढे १९७६ मध्ये चांदीचे आयन इथिलीनच्या कार्यास अटकाव करतात, हे बायर यांनी सिद्ध केले. जिबरेलिनमुळे वेली उंच व लुकड्या होतात. म्हणून आज बहुधा सिल्व्हर नायट्रेट वापरले जाते.

फवारणीमुळे वेलीची जनुकीय रचना बदलत नाही. शुद्ध गायनोशियस वाणाच्या वेलीवर अशा रीतीने आलेल्या नर फुलाचा पराग त्याच वाणाच्या मादी फुलावर पडला, तर पुढची पिढीही गायनोशियसच निघते. वाण टिकविण्याचे हेच मर्म आहे. मात्र बाजारातील संकरित बियाण्यावर हा प्रयोग केल्यास पुढच्या पिढीत गुणांचे विभाजन होते व वेली एकसारख्या येत नाहीत. म्हणून सुरुवात शुद्ध मातृवाणापासूनच करावी.

फवारणी

रोपाला २ ते ३ खरी पाने असताना २५० पीपीएम तीव्रतेचे द्रावण, म्हणजे १ लिटर पाण्यात २५० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, शेंड्यावर बारीक फवाऱ्याने मारावे आणि ५ ते ७ दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. द्रावणासाठी केवळ ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्लोराईडशी संयोग होऊन चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते आणि फवारणी वाया जाते. प्रकाशानेही द्रावण खराब होते. ते गडद बाटलीत ठेवावे व संध्याकाळी फवारावे. हातमोजे आवश्यक आहेत, कारण त्वचेवर काळे डाग पडतात. उरलेले द्रावण नाल्यात किंवा तळ्यात ओतू नये. चांदी जलचरांना घातक आहे. फवारलेल्या वेलींची फळे खाण्यासाठी वापरू नयेत.

दोन पेरण्यांचे गणित

फवारणीचा परिणाम कायम राहत नाही. काही पेरांवर नर फुले येतात आणि नंतर वेल पुन्हा मादी फुलांकडे वळते. हाच परागाचा उपलब्ध काळ होय. न फवारलेल्या वेलीची मादी फुले मात्र त्याआधीच उमलू लागतात. म्हणून पराग देणाऱ्या वेली बियाण्याच्या वेलींपेक्षा ८ ते १० दिवस आधी पेराव्यात. तरीही मादी फुले लवकर आली तर खालच्या पेरांवरील फुले खुडून टाकावीत. एखादे फळ आधीच वाढू लागले, तर वेलीचे अन्न तिकडे वळते व नंतरची फळे नीट पोसत नाहीत.

भिलाई परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. तीव्र उष्णतेत परागकणांची जीवनक्षमता घटते. त्यामुळे जानेवारीच्या उत्तरार्धात आच्छादित रोपवाटिकेत पेरणी करून फुलोरा मार्चमध्ये येईल, असे नियोजन करणे हितावह ठरते.

सकाळचे मोजके तास

काकडीचे फूल पहाटेनंतर उमलते. परागकोश त्याच सुमारास फुटतात आणि कुक्षीची ग्रहणक्षमता उमलल्यानंतर पहिल्या काही तासांतच सर्वोत्तम असते. म्हणून हाताने परागीभवन सकाळी ९ वाजण्यापूर्वी संपवावे. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या पिवळसर नर व मादी कळ्या ओळखून त्यांची टोके दोऱ्याने बांधावीत किंवा त्यांवर बटर पेपरची पिशवी घालावी. सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून परागकोश कुक्षीच्या सर्व भागांवर हलकेच फिरवावेत. नंतर मादी फूल पुन्हा झाकून त्याला तारखेची चिठ्ठी बांधावी.

ही झाकण्याची दक्षता कीटकांमुळे घ्यावी लागते. सातेरी, फुलोरी व आग्या मधमाश्या सकाळी लवकर फुलांवर येतात आणि दुसऱ्या वाणाचा पराग सहज आणतात. खुल्या परागीभवनाच्या वाणांसाठी पायाभूत बियाण्याचे विलगीकरण अंतर १००० मीटर व प्रमाणित बियाण्याचे ५०० मीटर ठेवण्याचे कारण हेच. परसात किंवा लहान शेतात एवढे अंतर मिळणे दुरापास्त असते. तेथे कीटकरोधक जाळी व हाताने परागीभवन हाच खात्रीचा मार्ग होय.

फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. त्यासाठी परागीभवन झालेल्या फळांवर पिशवी ठेवावी व क्यू ल्यूर सापळे लावावेत. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी अपरिहार्य असेल तर ती संध्याकाळी, मधमाश्यांचा वावर थांबल्यावर करावी.

फळ धरले म्हणजे बी धरले, असे नव्हे

पॉलिहाऊससाठीचे अनेक वाण परागीभवनाशिवायही फळ धरतात. अशा वेलीवर फळ वाढताना दिसले तरी आत बी नसू शकते. म्हणून चिठ्ठी नसलेले प्रत्येक फळ काढून टाकावे व एका वेलीवर ३ ते ४ फळेच ठेवावीत. सुमारे ३५ ते ४० दिवसांनी फळ पिवळे-तपकिरी झाल्यावर तोडावे. गरासह बी एक दिवस आंबवून धुवावे आणि सावलीत वाळवून आर्द्रता ७ टक्क्यांपर्यंत आणावी.

पुढील हंगामात काही बी पेरून पाहावे. त्यात नर फुलांच्या वेली आढळल्यास परका पराग शिरला असे समजावे व तो लॉट बियाण्यासाठी वापरू नये. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपले बियाणे जतन करण्याचा व विकण्याचा हक्क आहे; परंतु संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी गटांना मार्गदर्शन करताना ही मर्यादाही स्पष्ट करावी.