अतिवेगवान वायुप्रवाहातील नलिकाभित्तीच्या तापमानाचे अनुमान

प्रस्तावना :

नलिकेतून वाहणारा वायू आणि नलिकेची भिंत यांच्यातील उष्णतेची देवाणघेवाण न्यूटनच्या शीतलन नियमाने मांडली जाते. उष्णता संक्रमण गुणांक, भिंतीचे क्षेत्रफळ आणि वायू व भिंत यांच्या तापमानांतील फरक यांचा गुणाकार केला की उष्णतेच्या वहनाचा दर मिळतो. वेग कमी असेपर्यंत ही मांडणी निर्वेध चालते. वेग ध्वनिवेगाजवळ पोहोचला की मात्र ‘वायूचे तापमान’ म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर आणि त्याचे व्यावहारिक महत्त्व स्पष्ट केले आहे.

तीन तापमाने :

प्रवाहाबरोबर त्याच वेगाने जाणाऱ्या तापमापकाला जे तापमान दिसेल ते स्थैतिक तापमान. वायूला उष्णतेचा ऱ्हास न होता पूर्णपणे थांबविले, तर त्याच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होऊन जे तापमान मिळते ते एकूण तापमान. या दोहोंतील फरक म्हणजे वेगाचा वर्ग भागिले विशिष्ट उष्णतेची दुप्पट. हवेसाठी ३० मीटर प्रतिसेकंद वेगाला हा फरक अर्ध्या अंशाहून कमी असतो. १०० मीटरला सुमारे ५ अंश, तर ३१० मीटरला सुमारे ४८ अंश होतो.

भिंतीला चिकटलेला वायूचा थर स्थिर असतो. त्यामुळे भिंतीलगतच्या सीमास्तरात घर्षणाने उष्णता निर्माण होते. परंतु तिचा काही अंश मध्यवर्ती प्रवाहाकडे निसटतो. म्हणून उष्णतारोधी भिंतीचे तापमान वरील दोन तापमानांच्या दरम्यान स्थिरावते. यालाच पुनर्प्राप्ती तापमान म्हणतात :

पुनर्प्राप्ती तापमान = स्थैतिक तापमान + पुनर्प्राप्ती गुणक × (एकूण तापमान − स्थैतिक तापमान)

हा गुणक प्रांटल अंकावर अवलंबून असतो. सपाट पट्टीवरील स्तरीय प्रवाहासाठी पोलहाउझेन यांनी १९२१ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार तो प्रांटल अंकाच्या वर्गमुळाइतका येतो. संक्षुब्ध प्रवाहासाठी घनमूळ घेतले जाते. हवेचा प्रांटल अंक सुमारे ०.७१ असल्याने ही मूल्ये अनुक्रमे ०.८४ व ०.८९ होतात. नलिकांतील अतिवेगवान प्रवाह बहुधा संक्षुब्ध असल्याने ०.८९ हे मूल्य वापरणे सोयीचे ठरते.

एक उदाहरण :

१५ अंश सेल्सिअस, म्हणजे २८८ केल्व्हिन एकूण तापमानाची हवा नलिकेच्या मुखाशी ध्वनिवेगाने बाहेर पडते असे मानू. तेथे स्थैतिक तापमान २४० केल्व्हिन, म्हणजे उणे ३३ अंश सेल्सिअस असेल. पुनर्प्राप्ती तापमान मात्र २४० + ०.८९ × ४८, म्हणजे सुमारे २८२.७ केल्व्हिन (९.५ अंश सेल्सिअस) येते. आतील उष्णता संक्रमण गुणांक १००० आणि बाहेरील स्थिर हवेचा १० वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन धरला, तर भिंतीचे तापमान या दोन गुणांकांच्या प्रमाणात भारित सरासरी काढून मिळते. बाहेरील हवाही १५ अंशांवर असल्यास ते जवळजवळ २८२.८ केल्व्हिन येते. याच गणितात चुकून स्थैतिक तापमान वापरले तर उत्तर २४०.५ केल्व्हिन, म्हणजे ४२ अंशांनी कमी येते.

चूक केवळ आकड्याची नाही, दिशेचीही असू शकते. भिंत बाहेरून थंड पाण्याने ७ अंशांवर राखली, तर स्थैतिक तापमानानुसार उष्णता भिंतीकडून वायूकडे जाते असे दिसेल. प्रत्यक्षात ती वायूकडून भिंतीकडे जाते.

व्यावहारिक महत्त्व :

सर्वसाधारण कार्बन पोलादाच्या नलिका आघात-चाचणीविना वापरण्याची नेहमीची खालची मर्यादा उणे २९ अंश सेल्सिअस धरली जाते. वरील उदाहरणात स्थैतिक तापमानावर विसंबणारा अभियंता विनाकारण महागडे पोलाद निवडील. उलटपक्षी, पुनर्प्राप्तीच्या भरवशावर निर्धास्त राहणेही धोक्याचे आहे. उच्च दाबाचा नैसर्गिक वायू झडपेतून प्रसरण पावताना ज्यूल-थॉमसन परिणामामुळे दर बारमागे साधारणतः अर्धा अंश थंड होतो. ही घट आदर्श वायूच्या सूत्रांत दिसत नाही आणि भिंतीपाशी परतही मिळत नाही. ८० बारवरून ५ बारवर आलेला वायू याच कारणाने सुमारे ३५ ते ४० अंशांनी थंड होऊ शकतो. अशा वेळी आधी प्रत्यक्ष वायूच्या गुणधर्मांवरून झडपेनंतरचे एकूण तापमान ठरवावे आणि मगच पुनर्प्राप्तीचे सूत्र लावावे.

निष्कर्ष :

अतिवेगवान प्रवाहात न्यूटनच्या नियमातील ‘वायूचे तापमान’ हे स्थैतिक नव्हे, तर पुनर्प्राप्ती तापमान होय. उष्णता संक्रमण आणि वायुगतिकी हे विषय अभ्यासक्रमात बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. नलिकाभित्तीचा प्रश्न या दोहोंच्या सीमेवर असल्याने विद्यार्थी एका विषयातील सूत्र दुसऱ्यात जसेच्या तसे वापरण्याची शक्यता असते. म्हणूनच प्रत्येक उदाहरणात ‘कोणते तापमान?’ हा प्रश्न प्रथम विचारण्याची सवय त्यांना लावणे अगत्याचे आहे.