इंग्रजी शिकविण्याचें शिक्षण : निवड कशी करावी ?

पदवी-परीक्षेचा निकाल लागला आणि मुलानें किंवा मुलीनें इंग्रजी विषयांत बरे गुण मिळविले, म्हणजे मध्यमस्थितींतील कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो : आतां पुढें काय ? शिक्षकाचा पेशा पत्करावा असें ठरलें तरी प्रश्न सुटत नाहीं. बी. एड्. करावें, हैदराबादेच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम घ्यावा, कीं ‘परकी भाषा म्हणून इंग्रजी’ शिकविण्याचें जाहिरातींतलें एखादें प्रमाणपत्र मिळवावें, असे तीन रस्ते समोर उभे राहतात. अकोल्याहून वाशीमकडे जातांना लागणाऱ्या पातूरसारख्या गांवांत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण तेथें जाणता सल्लागार विरळा, आणि जाहिरात मात्र हातांतल्या मोबाईलवर घरबसल्या येऊन पोहोंचते. चुकीच्या निवडीचा दंड फीच्या रकमेपुरता नसतो. उमेदीचीं एकदोन वर्षेंही त्यांत खर्ची पडतात. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी येणें आणि इंग्रजी शिकवितां येणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें मत नवें नाहीं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या घरोघर होती. शब्द, अर्थ आणि भाषांतर हाच त्या वेळचा राजमार्ग. परंतु ‘रेन आणि मार्टिन’ या व्याकरणाच्या जोडींतील रेनसाहेब, जे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होते, त्यांनीं १९११ मध्येंच भाषांतराचा आधार न घेतां इंग्रजी कसें शिकवावें यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. बंगालमध्यें शिक्षणाचें काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं याच्या उलट सांगितलें, कीं आपल्याकडील मुलांस इंग्रजी बोलण्याहून तें वाचतां येणें आधीं उपयोगी. दोघांचीं मतें निराळीं; पण शिकविण्याची रीति हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हें दोघांनाही मान्य होतें. पुढें १९५८ मध्यें इंग्रजीच्या शिक्षकांसाठीं हैदराबादेस मध्यवर्ती संस्था निघाली, आणि २००७ मध्यें तिचें केंद्रीय विद्यापीठ झालें. तिकडे लंडनमध्यें १९६२ सालीं जॉन व ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्यानें नवशिक्या शिक्षकांसाठीं दोन आठवड्यांचा वर्ग काढला. आज केंब्रिजचें ‘सेल्टा’ म्हणून जें प्रमाणपत्र प्रसिद्ध आहे, तें त्याच परंपरेंतलें.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न विचारावयाचा तो संस्थेस नव्हे, स्वतःस : आपणांस शिकवावयाचें आहे कोठें ? शाळेंतील कायम नोकरी हवी असेल, तर कायद्याची वाट ठरलेली आहे. १९९३ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली पात्रता, म्हणजे प्राथमिक शाळेसाठीं डी. एल्. एड्. व माध्यमिक शाळेसाठीं बी. एड्., ही त्या वाटेची पहिली पायरी; आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर आठवीपर्यंतच्या वर्गांसाठीं शिक्षक पात्रता परीक्षाही आली. परदेशी प्रमाणपत्र कितीही नामांकित असलें तरी तें बी. एड्.ची जागा घेऊं शकत नाहीं. ही गोष्ट जाहिरातींत क्वचितच छापलेली असते. खासगी शिकवणीचा वर्ग काढणारास, किंवा मोठ्या शहरांतल्या भाषावर्गांत प्रौढांना शिकवूं इच्छिणारास हें बंधन नाहीं. तेथें असें प्रमाणपत्र खरोखर कामास येतें. परदेशीं जाण्याचा मनोदय असेल तर पासपोर्टाचा विचार आधीं करावा. दक्षिण कोरियाचेंच उदाहरण घ्या. तेथें इंग्रजी शिकविण्याचा नेहमींचा परवाना सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांपुरता आहे. २०१० मध्यें अमलांत आलेल्या करारानें भारतीयांस एक निराळी वाट मिळाली खरी. पण तीही पदवीबरोबर शिक्षकाची अधिकृत पात्रता मागते. फिरून गोष्ट बी. एड्.पाशींच येते !

दुसरा प्रश्न संस्थेस विचारावयाचा : शिकणाऱ्याला प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपुढें उभें राहून शिकवावें लागतें काय, आणि त्या वेळीं कोणी जाणता शिक्षक मागें बसून पाहतो काय ? ‘सेल्टा’ निदान १२० तासांचें आहे. त्यांत सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावें लागतें, आणि आणखी सहा तास अनुभवी शिक्षकांचे पाठ पाहावे लागतात. प्रवेशापूर्वीं मुलाखत होते, भाषेचें ज्ञान तपासलें जातें, आणि केंब्रिजनें नेमलेला बाहेरचा परीक्षक प्रत्येक वर्गाची पाहणी करतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचें प्रमाणपत्र १३० तासांचें. त्यांतही सहा तासांचे पाठ आहेतच, शिवाय शिक्षकानें चार तास एखादी अगदीं अनोळखी भाषा शिकावी अशी अट आहे. ही अट आम्हांस फार मार्मिक वाटते. विद्यार्थ्याच्या बाकावर पुन्हां बसल्यावांचून त्याची धांदल शिक्षकास कळत नाहीं.

याच्या शेजारीं जाहिरातींतलें ‘१२० तासांचें’ स्वस्त प्रमाणपत्र ठेवून पाहावें. तासांचा आंकडा तोच. पण अनेकदां त्यांत वाचावयाचीं प्रकरणें आणि उत्तरांना खुणा करण्याच्या चांचण्या यांपलीकडे कांहीं नसतें. एकही मूल समोर बसलेलें नसतें. वर्ग इंटरनेटवरून चालतो हा त्यांतला दोष नव्हे. ‘सेल्टा’देखील २०२० पासून संपूर्णपणें त्या मार्गानें घेतां येतें, पण तेथेंही विद्यार्थी खरे असतात आणि निरीक्षक हजर असतो. पोहणें काठावर बसून येत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, पण पातूरच्या दृष्टीनें तोच महत्त्वाचा : हें शिक्षण आपल्या वर्गाला लागू पडतें काय ? लंडनच्या वर्गांत दहा देशांचे दहा विद्यार्थी येतात; त्यांची सामाईक भाषा नसते, म्हणून सारें इंग्रजींतूनच चालवावें लागतें. शिवाय ‘सेल्टा’ मुळांत प्रौढांना शिकविण्यासाठीं रचलेलें आहे. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आपला विद्यार्थी सहा वर्षांचा. पातूरच्या एका शाळेंत सारीं मुलें मराठी बोलणारीं, तर दुसरींत उर्दू. तेथें मुलांची भाषा ही अडचण नसून शिक्षकाच्या हातचें साधन आहे. मराठींत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखीं उपपदें नाहींत, म्हणून मूल तीं गाळतें. आपण ‘घरांत’, ‘घरीं’, ‘घराला’ असे प्रत्यय नामास मागून जोडतों, इंग्रजींत तेंच काम पुढें येणारा स्वतंत्र शब्द करतो. ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी, हा ऱ्हस्वदीर्घाचा भेद आपल्या बोलण्यांत नीटसा पाळला जात नाहीं. उर्दू बोलणारें मूल कधीं ‘स्कूल’चें ‘इस्कूल’ करील. ‘स्त्री’ आणि ‘स्थान’ म्हणणाऱ्या मराठी मुलास ती अडचण नाहीं. हें ज्याला ठाऊक आहे, त्या शिक्षकाचें अर्धें काम झालें. लंडनच्या पुस्तकांत तें सांपडणार नाहीं.

आपल्याच देशांतल्या प्रयोगांचाही येथें विचार व्हावा. एन्. एस्. प्रभू यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत बंगळूर व दक्षिण भारतांतील इतर कांहीं ठिकाणच्या साध्या शाळांत मुलांपुढें व्याकरण न मांडतां नकाशा, रेल्वेचें वेळापत्रक असलीं कोडीं ठेवलीं, आणि तीं सोडवितां सोडवितां भाषा आपोआप अंगवळणीं पडावी अशी योजना केली. अकोल्याच्या एस्. टी.चें वेळापत्रक पातूरच्या वर्गांत याच कामीं येईल. हैदराबादेचें विद्यापीठ इंग्रजीच्या अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवितें. आपल्याकडील वर्ग डोळ्यांपुढें ठेवून शिकूं इच्छिणारानें त्यांची चौकशी अवश्य करावी.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें. शाळेंतच राहावयाचें असेल त्यानें आधीं बी. एड्. करावें, २०१५ पासून तें दोन वर्षांचें झालें म्हणून कंटाळूं नये. पुढें अध्यापनांत रस वाढला तर हैदराबादेचा किंवा ‘सेल्टा’चा विचार करावा. प्रौढांचे वर्ग घेण्याचें नक्की असेल त्यानें ‘सेल्टा’ किंवा ट्रिनिटी यांचा खर्च नीट मोजून पत्करावा; पण त्यासाठीं घरचें सोनें गहाण टाकूं नये. निरीक्षणाखालीं शिकविलेला एकही पाठ ज्यांत नाहीं, असें प्रमाणपत्र मात्र फुकट मिळालें तरी त्याचा भरंवसा धरूं नये.

आणि एक सूचना आईबापांना. फी भरण्यापूर्वीं गांवांतल्या एखाद्या मुख्याध्यापकांस विनंती करून आपल्या मुलाला वा मुलीला दहा दिवस पांचवीच्या वर्गावर उभें करावें, आणि एखाद्या जुन्या शिक्षकानें मागच्या बाकावर बसून तें पाहावें. या पेशांत आपलें मन रमतें कीं नाहीं, हें त्या दहा दिवसांत घरच्यांच्या आधीं त्या मुलालाच कळेल. आणि त्याला खर्च तो खडूचा!