स्फटिकांची झिलई

लोणच्याची बरणी ठाऊक नाही असे घर आपल्या सातारा-सांगली भागात मिळणे कठीण. वर तपकिरी, खाली पांढरट अशा त्या जड बरणीला आपण चिनी मातीची म्हणतो. वस्तुतः ती ‘स्टोनवेअर’ या जातीची असते. मी कुंभाराच्या घरातला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माठ घडले, पण बरणी मात्र आम्हीही बाजारातूनच आणली. असे का, हे मी कॉलेजच्या ग्रंथालयात शोधू लागलो आणि शोधता शोधता स्फटिकी झिलईपर्यंत पोहोचलो.

उत्तर आचेत आहे. कुंभाराचा आवा साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तेवढ्यात माती टणक होते, पण सच्छिद्र राहते. त्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, म्हणून माठातले पाणी गार. स्टोनवेअरला १२०० ते १३०० अंश लागतात. त्या आचेत माती काही अंशी वितळून छिद्रे बुजतात. मग भांडे तेल-खार शोषत नाही. आपल्या नदीकाठच्या लोहयुक्त मातीला ही आच सोसत नाही. भांडे फुगते, वाकते. तेव्हा माठ म्हणजे कमी प्रतीची बरणी नव्हे. दोघांचे काम वेगळे, माती वेगळी.

झिलई म्हणजे भांड्यावर बसलेला काचेचा पातळ थर. गारेची पूड, तिला वितळवणारे क्षार आणि तिला ओघळू न देणारे अ‍ॅल्युमिना हे तिचे मुख्य घटक. स्फटिकी झिलईत अ‍ॅल्युमिना अगदी थोडे ठेवतात आणि जस्ताचे ऑक्साइड सुमारे चौथा हिस्सा घालतात. भट्टी १२६० अंशांच्या वर नेऊन झटकन ११०० च्या आसपास उतरवतात आणि तेथेच काही तास धरून ठेवतात. या अवधीत जस्त व सिलिका एकत्र येऊन ‘विलेमाइट’ नावाचे स्फटिक पंख्यासारखे, फुलासारखे पसरत जातात. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा. खडीसाखरेचे उदाहरण घ्या. पाक घोटत भराभर निववला तर बारीक कणी पडते. न हलवता हळूहळू निवू दिला तर मोठे खडे धरतात. येथेही तसेच.

ही झिलई फार ओघळते. म्हणून भांड्याखाली बैठक व ताटली ठेवावी लागते. नंतर बैठक तोडून तळ घासतात. एवढे करूनही दोन भांडी सारखी निघत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील सेव्र व डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील कारखान्यांनी ही कला नावारूपास आणली.

गंमत अशी की काचेच्या धंद्यात हेच स्फटिक दोष ठरतात. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. ‘प्रभाकर’ कंदील तेथलाच. तो कारखाना आता बंद आहे. कंदिलाच्या काचेत स्फटिक धरले तर ती पांढरट होऊन प्रकाश अडवील. म्हणून काचवाला ज्या तापमानातून घाईने निसटतो, तेथेच हा कारागीर मुद्दाम मुक्काम करतो!

हे सारे मी घरी सांगितले. अण्णा शाळेत फारसे गेलेले नाहीत. ऐकून म्हणाले, “म्हणजे आच उतरताना घाई करायची नाही, हेच ना?” त्यांचा आवा ते पूर्ण निवल्याशिवाय उघडत नाहीत, गरम भांड्याला वारा लागला की ते तडकते. आगीचे हे ज्ञान त्यांच्या हातात आहे, पण तापमापक आणि रसायनांची वजने मात्र पुस्तकांत. तीही बहुधा इंग्रजीत. निर्मला पटवर्धन यांनी १९८४ साली कुंभारकामावर उत्तम हस्तपुस्तिका लिहिली, तीसुद्धा इंग्रजीतच. चाकावर बसणाऱ्याच्या हाती ती कशी पडावी?

आमच्या आळीत शिकणे म्हणजे चाक सोडणे, असाच अर्थ घेतात. माठाला उन्हाळ्यापुरतेच गिऱ्हाईक, तेव्हा त्यांना दोष तरी कसा द्यावा? मला मात्र वाटते, आमच्यापैकी जो शिकेल त्याने ही पुस्तके मराठीत आळीपर्यंत आणावीत. येत्या सुट्टीत आमची माती किती आचेला वाकते, एवढे तरी मी तपासून घेणार आहे.