तबकातलं गणगोत

लक्ष्मीपूजनाचं तबक भरताना कुणाच्या मनात वनस्पतिशास्त्र नसतं. झेंडू, कमळ, विड्याची पानं, सुपारी, हळद, अक्षता, कलशावर नारळ आणि पाटाशेजारी शिंदीची केरसुणी. ही सगळी सपुष्प वनस्पतींची मंडळी. जगात त्यांच्या सुमारे ३ लाख जाती आहेत. कोण कुणाचं सगं, याचा शोध अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि त्यात दिसण्याने अनेकदा दगा दिला आहे.

परडीतला थोडा जून झेंडू मधोमध उभा फाडून पाहा. तळाशी हिरवा पेला, त्यात दाटीने उभ्या काड्या आणि काड्यांच्या टोकाला केशरी जिभा. आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक जीभ हे एक स्वतंत्र फूल आणि खालची काडी हे त्याचं अंडाशय. वाळल्यावर आपण ‘बी’ म्हणून पेरतो ते काळं कूस म्हणजे खरं तर अख्खं फळ. मध्यभागी नळीसारखी फुलं सापडली तर भिंगाखाली धरा. पाच परागकोश एकमेकांना चिकटून त्यांचीच एक नळी झालेली असते आणि आतून वर सरकणारी कुक्षीवृंताची दांडी पराग बाहेर लोटते. म्हणजे हारात आपण फूल नव्हे, फुलोरा ओवतो.

कार्ल लिनिअसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटेरम’मध्ये वनस्पतींचे २४ वर्ग केले, ते मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून. चिकटलेल्या परागकोशांचा त्याने वेगळा वर्ग केला आणि मूळच्या मेक्सिकोकडच्या या झेंडूला त्यात बसवलं. इथे नेम अचूक लागला. शेवंती, करडई, कारळं, कासची सोनकी आणि नकोसं गाजरगवतसुद्धा झेंडूच्याच कुळातलं. पण अक्षतांपाशी हिशेब चुकला. गव्हाला पुंकेसर तीन, भाताला सहा. म्हणून दोन्ही गवतंच असूनही ती वेगवेगळ्या वर्गांत पडली.

पुढे बेंथम आणि हूकर यांनी ‘जेनेरा प्लांटेरम’मध्ये (१८६२–१८८३) एकाच लक्षणावर न विसंबता अनेक लक्षणं एकत्र तोलली. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ २०व्या शतकाच्या आरंभी सिद्ध केला, तो याच पद्धतीने. तरी डोळ्यांचा भरवसा उरलाच होता. कमळ आणि कुमुद एकाच तळ्यात, सारख्याच थाटात फुलतात, म्हणून दोघांना एका कुळात घातलं गेलं.

डीएनए वाचता येऊ लागल्यावर हे घर फुटलं. सपुष्प वनस्पतींचं नवं वर्गीकरण १९९८ साली आलं. २०१६च्या चौथ्या आवृत्तीत ६४ गण आणि ४१६ कुळं आहेत. त्यात कमळाचे नातलग निघाले काश्मीरचा चिनार आणि रस्त्याकडेचा सिल्व्हर ओक. कुमुद सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या फांदीवर राहिलं. मखाणा त्याच्या घरातला.

शाळेत शिकवलेले ‘एकदल’ आणि ‘द्विदल’ हे दोन खणही पुरेनात. सुपारी, नारळ, हळद, भात आणि शिंदी ही एकदल, इथवर ठीक. पण विड्याच्या वेलीला दोन बीजपत्रं असूनही ती झेंडू-कमळाच्या शाखेत बसत नाही. त्या शाखेच्या परागकणांना मुळात तीन छिद्रं असतात; पानवेलीचा परागकण एकछिद्री. मिरी, दालचिनी, जायफळ, सीताफळ आणि सोनचाफा यांच्यासह तिची शाखाच निराळी.

मग या सगळ्यांना बांधणारं काय? एक, बीजांड अंडाशयात बंद असणं. दुसरं सर्गेई नवाशिनने १८९८ साली दाखवलं: परागातल्या दोन पुंयुग्मकांपैकी एकापासून भ्रूण होतो, दुसऱ्यापासून त्याची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष. अक्षतेचा पांढरा दाणा म्हणजे जवळजवळ सगळी ती शिदोरीच. नारळाचं पाणी आणि खोबरंही तेच.

यंदा बाजारातून कमळाची कळी आणलीत तर पाकळ्या अलगद उलगडून आत डोकवा. मधोमध झारीच्या तोंडासारखा, खळग्या-खळग्यांचा सपाट पेला दिसला तर ते कमळ. नसेल तर फुलवालीने कमळाच्या भावात कुमुद दिलं. लक्ष्मीची त्याला हरकत नसावी. चिनाराची मात्र सोयरीक हुकली.